आधी बजेट, मग प्रपोजल: लहान संस्थांनी फाउंडेशनकडे निधी मागताना

लहान संस्थेत प्रपोजल लिहायची वेळ आली की सगळ्यात आधी वर्डची फाइल उघडली जाते. संस्थेची ओळख, स्थापना, ध्येय, आजवरचं काम, मग समस्या, मग उद्दिष्टं असं एकेक पान भरत जातं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की बजेट राहिलंय. मग तासाभरात एक्सेलमध्ये दहा ओळी भरायच्या, बेरीज मागायच्या रकमेशी जुळवायची आणि अर्ज पाठवून द्यायचा. चांगलं काम करणाऱ्या संस्थांचे अर्ज नामंजूर होण्यामागे हा क्रम फार वेळा असतो. तो उलटा करायला हवा. बजेट आधी बसवायचं आणि त्यातून जे निघेल तेच शब्दांत लिहायचं.

हे का, ते एका उदाहरणावरून पाहू. दोन पूर्णवेळ कार्यकर्ते असलेली एक संस्था आहे. तिला २४ शाळांमधल्या १,२०० मुलांचे डोळे तपासायचे आहेत आणि ज्यांना गरज आहे त्यांना चष्मे द्यायचे आहेत. प्रपोजलमध्ये ओघाने एक वाक्य येतं: 'चष्मे दिल्यानंतर तीन महिन्यांनी पाठपुरावा केला जाईल.' आता प्रवासाची ओळ मांडून बघा. मुख्याध्यापकांना भेटून पालकांची संमतिपत्रं देण्यासाठी एक फेरी, तपासणीची एक, चष्मेवाटपाची एक आणि पाठपुराव्याची एक. शाळेमागे चार फेऱ्या, २४ शाळांच्या ९६. बजेटमध्ये ७२ फेऱ्यांचाच खर्च असेल तर पाठपुराव्याचं वाक्य पोकळ आहे, हे अर्ज तपासणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं.

पुढे जा. तपासणीच्या दिवशी वर्गातली सगळी मुलं हजर नसतात. दहा टक्के गैरहजर धरली तर तपासणी १,०८० मुलांचीच होईल. मग एक तर राहिलेल्या मुलांसाठी आणखी एक फेरी बजेटमध्ये धरा, नाहीतर प्रपोजलमध्येच १,०८० लिहा. आधी छोट्या प्रमाणावर केलेल्या तपासणीत शंभरातल्या बारा मुलांना चष्मा लागला असेल, तर १,०८० मुलांमागे साधारण १३० चष्मे लागतील. फुटणारे, हरवणारे आणखी दहा टक्के धरा, म्हणजे १४३. एवढा हिशोब झाला की उद्दिष्टांचा परिच्छेद जवळजवळ लिहून झालेला असतो, आणि त्यातला एकही आकडा हवेतला नसतो.

कुणाकडे मागायचं

बजेटचा कच्चा आकडा हातात आल्यावरच फाउंडेशन शोधायला लागा. उलट केलं की काय होतं? एखाद्या फाउंडेशनची जाहिरात दिसते, त्यांचा विषय पर्यावरण असतो, मग चष्म्यांच्या प्रकल्पात झाडं लावायचा उपक्रम घुसतो. पैसे मिळाले तर वर्षभर न जमणारं काम करत बसावं लागतं. नाही मिळाले तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

फाउंडेशनच्या वेबसाइटवर 'शिक्षण, आरोग्य, उपजीविका, महिला सक्षमीकरण' असं सगळंच लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. त्यांनी मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष कुणाला, किती आणि कशासाठी पैसे दिले ते बघा. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते सगळ्यांना बघायला खुलं असतं. दिलेल्या प्रत्येक अनुदानाची रक्कम आणि संस्थेचं नाव त्यात असतं. प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या वेबसाइटवर ही विवरणपत्रं फुकट वाचता येतात. त्यातच एक चौकट असते: आपण आधीच निवडलेल्या संस्थांनाच पैसे देतो आणि बाहेरचे अर्ज घेत नाही, असं फाउंडेशनला तिथे खूण करून सांगता येतं. ती खूण दिसली तर तुमचे दहा दिवस वाचले. ब्रिटनमध्ये ३६०गिव्हिंग या उपक्रमात अनेक फाउंडेशनं आपली अनुदानं ठराविक साच्यात जाहीर करतात आणि त्याच उपक्रमाच्या ग्रँटनॅव्ह या वेबसाइटवर ती शोधता येतात. अशी सोय नसलेल्या देशात फाउंडेशनचा वार्षिक अहवाल आणि निधी मिळालेल्या संस्थांचे अहवाल वाचावे लागतात. वेळ लागतो, पण माहिती मिळते.

या यादीत नेमकं काय शोधायचं? आधी रकमेचा पल्ला. त्यांची बहुतेक अनुदानं तुमच्या मागणीच्या पाच-दहा पट असतील तर तुमचा अर्ज त्यांच्यासाठी फार लहान आहे. तपासणीची तीच कसरत करून एवढीशी रक्कम द्यायला ते सहसा तयार होत नाहीत. मग संस्थांचा आकार. निधी मिळालेल्यांपैकी एखादी तरी संस्था तुमच्याएवढी आहे का? आणि तिसरं, नव्या संस्था. दरवर्षी त्याच बारा नावांची यादी असेल तर दार बंदच आहे असं समजा. दोन-तीन नवी नावं दिसत असतील तर प्रयत्न करायला हरकत नाही.

तुमच्या वार्षिक खर्चाच्या तुलनेत मागणी किती आहे, हेही पाहिलं जातं. वर्षाला १० लाख खर्च करणाऱ्या संस्थेने एका फाउंडेशनकडे ३० लाख मागितले तर 'एवढा पैसा यांना पेलेल का' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. पहिल्या अर्जात वार्षिक खर्चाच्या पाव ते एक तृतीयांश एवढं मागावं, असं माझं मत आहे. पैसा परदेशातून येणार असेल तर तो घेण्याची कायदेशीर परवानगी संस्थेकडे आहे का, हे अर्जाच्या आधी तपासा. भारतासारख्या देशांत त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि ती आठवड्याभरात मिळत नाही.

शक्य असेल तिथे अर्जाआधी फाउंडेशनच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या माणसाशी बोला. त्यांच्या वेबसाइटवर ज्यांची उत्तरं आहेत ते प्रश्न विचारू नका. 'आमच्या भागात आणि या वयोगटात काम करणारे अर्ज यंदा बघताय का', 'पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या संस्थेने साधारण किती मागावं' आणि 'पगाराचा खर्च धरलेला चालतो का' एवढे प्रश्न दहा मिनिटांत होतात. उत्तर 'नाही' आलं तरी तो फोन कारणी लागला म्हणायचा.

बजेट: प्रत्येक ओळीमागे गुणाकार

'प्रवास: ६०,०००' ही ओळ काहीच सांगत नाही. '९६ फेऱ्या × २ कार्यकर्ते × ३०० = ५७,६००' ही ओळ वाचली की फेऱ्या किती, माणसं किती आणि दर काय, हे तिन्ही कळतं. वाचणाऱ्याला शंका आली तर ती एका आकड्याबद्दल येते, अख्ख्या संस्थेबद्दल येत नाही. सगळ्या ओळी गोल आकड्यांत आल्या की बजेट अंदाजाने भरलंय, हे लगेच दिसतं. म्हणून ५७,६०० तसेच ठेवा, ६०,००० करू नका.

प्रत्येक ओळीशेजारी टिपणाचा एक रकाना ठेवा आणि त्यात दर कुठून आला ते लिहा: तीन दुकानांची कोटेशनं, मागच्या वर्षीचं बिल, सरकारी दर, जे असेल ते. हे टिपण फॉर्ममध्ये मागितलेलं नसलं तरी स्वतःजवळ असू द्या. चार महिन्यांनी फाउंडेशनच्या हिशोब विभागातून प्रश्न येतो, तेव्हा तो दर कुणी काढला होता हे कुणालाच आठवत नाही.

पगाराच्या ओळीत सगळ्यात जास्त चुका होतात. समन्वयकाचा पगार महिन्याला २०,००० आणि या प्रकल्पाला त्याचा ६० टक्के वेळ जाणार असेल तर वर्षाचे १,४४,००० होतात. पण संस्थेला तो माणूस तेवढ्यात पडत नाही. भविष्य निर्वाह निधीसारखा मालकाचा वाटा, विमा, रजेचे पैसे हेही त्याच प्रमाणात धरायला हवेत. अनुदान दोन वर्षांचं असेल तर दुसऱ्या वर्षाची पगारवाढ आताच धरा, नंतर मागता येत नाही. शिवाय त्याच समन्वयकाचा ४० टक्के वेळ दुसऱ्या अनुदानात आणि ३० टक्के तिसऱ्यात लावलेला असतो. बेरीज १३० टक्के. तिन्ही अर्ज वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात, त्यामुळे ही बेरीज कुणी केलेलीच नसते. ऑडिटमध्ये सापडली तर तेच काम दोघांच्या पैशांत दाखवलं असा अर्थ निघतो आणि संस्थेचं नाव खराब होतं. यावर उपाय म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं उभी आणि सगळी अनुदानं आडवी मांडलेला एकच तक्ता. प्रत्येक नव्या अर्जाआधी तो उघडायचा, कुठल्याही माणसाची आडवी बेरीज १०० च्या वर जाता कामा नये.

आता प्रशासकीय खर्च. कार्यालयाचं भाडं, वीज, फोन, हिशोबनीस, ऑडिटची फी, संचालकाचा वेळ. हा खर्च लाजत लाजत पाच टक्के दाखवायची सवय आपल्या संस्थांना लागली आहे. ती मोडायला हवी, कारण खरा खर्च कुठे जात नाही. मग हिशोबनीस अर्धवेळ होतो, अहवाल उशिरा जातात आणि पुढचं अनुदान त्यामुळेच हातचं जातं. मोठ्या फाउंडेशनांनीही हे मान्य केलंय. फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून प्रकल्प अनुदानांमधला हा वाटा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेला आणि पुढे २५ टक्के केला. गेट्स फाउंडेशनच्या धोरणात स्वयंसेवी संस्थांसाठी कमाल १५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक फाउंडेशनचा नियम आधी वाचा आणि परवानगी असेल तेवढा पूर्ण वाटा मागा. कमी मागितल्याबद्दल जास्त गुण मिळतात, असं समजू नका.

टक्केवारी कशावर काढायची, इथे मात्र सांभाळा. थेट खर्च, म्हणजे फक्त या प्रकल्पासाठी होणारा खर्च, ८,००,००० आहे आणि नियम 'थेट खर्चाच्या १५ टक्के' असा आहे: प्रशासकीय वाटा १,२०,०००, एकूण ९,२०,०००. तोच नियम 'एकूण रकमेच्या १५ टक्के' असेल तर ८,००,००० ला ०.८५ ने भागायचं. एकूण येतं ९,४१,१७६ आणि वाटा १,४१,१७६. म्हणजे २१,१७६ चा फरक. पहिला नियम असताना दुसऱ्या पद्धतीने काढलं तर तुमचा वाटा थेट खर्चाच्या साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो आणि अर्ज तांत्रिक छाननीतच अडकतो. उलट चूक झाली तर तुमच्या हक्काचे पैसे तुम्हीच सोडून देता. नियमाच्या इंग्रजी मजकुरात 'डायरेक्ट कॉस्ट' आहे की 'टोटल बजेट', ते शब्द शोधून त्याखाली रेघ मारा. जो खर्च मोजता येतो तो थेट खर्चात बसवता येतो का, हेही विचारा. हिशोबनिसाचा आठवड्यातला एक दिवस या प्रकल्पासाठीच जाणार असेल तर बरीच फाउंडेशनं तो थेट खर्च म्हणून मान्य करतात.

स्वयंसेवकांचे तास, फुकट मिळालेली जागा, दान म्हणून आलेली औषधं यांची किंमत संस्थेचा वाटा म्हणून दाखवता येते, पण फाउंडेशनने तशी परवानगी दिली असेल तरच, आणि तास लिहून ठेवलेले असतील तरच.

एवढं सगळं केलं तरी एक तक्ता बहुतेक संस्था करत नाहीत, तो म्हणजे महिन्यागणिक रोख रकमेचा. मंजूर रक्कम एकदम हातात येत नाही. समजा ९,२०,००० चे हप्ते ४०, ४० आणि २० टक्के असे आहेत. पहिला ३,६८,०००, दुसरा तेवढाच, शेवटचा १,८४,०००. दुसरा हप्ता मधला अहवाल मंजूर झाल्यावर मिळतो. पण खर्च हप्त्यांच्या तालावर चालत नाही. तपासणीची उपकरणं आणि चष्म्यांची ऑर्डर सुरुवातीलाच येते. पाचव्या महिन्याअखेर खर्च ४,१०,००० वर गेला असेल तर ४२,००० संस्थेने स्वतःच्या गंगाजळीतून घालायचे. शेवटचे १,८४,००० तर काम संपून अंतिम अहवाल गेल्यावर येतात, म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांचे पगार संस्थेला आधी स्वतः द्यावे लागतात. गंगाजळी नसलेल्या संस्थेचे कार्यकर्ते इथेच बिनपगारी राहतात. तक्ता आधी केला असेल तर अर्जाच्या वेळीच '५०, ४०, १० असे हप्ते मिळाल्यास सोयीचं होईल, कारण खरेदी पहिल्या तिमाहीत आहे' असं लिहिता येतं. कारण आकड्यानिशी दिलं की बरेचदा ऐकलं जातं.

मग शब्द

समस्येच्या परिच्छेदात एक चूक हटकून होते: संस्थेची अडचण समस्या म्हणून लिहिली जाते. 'आमच्याकडे डोळे तपासण्याची उपकरणं नाहीत' ही मुलांची समस्या नाही. 'फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल मागच्या बाकावर गप्प बसतं, त्याला अभ्यासात कच्चं समजलं जातं, आणि डोळे तपासायला नेण्यासाठी पालकांना एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते' ही समस्या आहे. यात कारणसुद्धा आहे, आणि शाळेत जाऊन तपासणी करण्याचा उपाय त्या कारणातूनच निघतो. देशपातळीचे आकडे एका वाक्यापुरते ठेवा. तुम्ही स्वतः मोजलेले आकडे लहान असले तरी त्यांचं वजन जास्त असतं. फक्त ते कधी, कुठे आणि किती मुलांमध्ये मोजले, हे लिहा.

निष्पत्ती आणि परिणाम यांत गल्लत होते, तिचं उत्तरही या उदाहरणात आहे. १३० चष्मे वाटले ही निष्पत्ती. तीन महिन्यांनी न कळवता वर्गात गेल्यावर त्यातल्या ९० मुलांच्या डोळ्यावर चष्मा दिसला, हा परिणाम. फाउंडेशनला दुसऱ्या आकड्यात रस असतो. १३० पैकी १३० लिहू नका, कारण काही मुलं चष्मा लावणं सोडतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. फ्रेम नाकावरून घसरते, काच फुटते, वर्गातली मुलं चिडवतात, चष्म्याने डोळे आणखी बिघडतात अशी घरच्यांची समजूत असते. ही कारणं लिहा आणि बजेटकडे परत जा: तीन मापांच्या फ्रेमा आहेत का, जादाचे १३ चष्मे आहेत का, पालकांच्या बैठकीचा खर्च धरलाय का? प्रत्येक कारणासमोर बजेटची एक ओळ दाखवता आली की 'जोखीम आणि उपाय' हा रकाना आपोआप भरतो.

काही फाउंडेशनं लॉगफ्रेम मागतात. १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झालेला हा चार ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता आहे. आडव्या ओळींत ध्येय, हेतू, निष्पत्ती, कृती आणि उभ्या रकान्यांत वर्णन, निर्देशक (काय मोजायचं ते), पडताळणीचं साधन, गृहीतकं. भरताना खालून वर जा, कारण कृती तुम्हाला बजेटमुळे आधीच माहीत आहेत. पडताळणीच्या रकान्यात 'अहवाल' असं मोघम लिहू नका. 'शाळानिहाय तपासणी नोंदवही, मुख्याध्यापकांच्या सहीसह' असं लिहा. आणि जे मोजायचं ठरवाल ते मोजायला माणूस व वेळ बजेटमध्ये आहे ना, ते पाहा. लहान संस्थेला चार-पाच निर्देशक पुरेत. पंधरा लिहिले तर वर्षभर मोजमापच करत बसाल.

'अनुदान संपल्यावर काय?' या प्रश्नाला 'इतर देणगीदारांकडून निधी उभारू' हे उत्तर सगळेच देतात. त्यापेक्षा काय टिकेल, काय थांबेल आणि टिकणाऱ्याचा खर्च कुणाचा, हे स्पष्ट लिहा. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक दृष्टितक्ता वापरायला शिकलेले असतील आणि तक्ता शाळेतच राहील, त्यामुळे प्राथमिक तपासणी पुढेही चालेल. चष्म्यांचा खर्च मात्र शाळेला पेलणार नाही, त्यासाठी दरवर्षी अमुक एवढी रक्कम लागेल. हे खरं उत्तर आहे, आणि ते वाचणाऱ्याला पटतं.

सारांश सगळ्यात शेवटी लिहा, पण त्याला पुरेसा वेळ द्या. कोण, कुठे, किती जणांसाठी, काय, किती महिन्यांत, किती रकमेत, हे पहिल्या तीन वाक्यांत यायला हवं. संस्थेच्या स्थापनेची हकीकत तिथे नको.

फॉर्म भरताना

ऑनलाइन फॉर्ममध्ये मराठीतून लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नडते. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, हे आधी बघा. अक्षरांची असेल तर संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना प्रत्येकी एक मोजतो. 'प्रशिक्षण' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, संगणकाच्या हिशोबात ते नऊ होतं: प, हलन्त, र, श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. त्यामुळे १,००० अक्षरांच्या चौकटीत मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा बराच कमी मावतो, आणि जास्तीचा मजकूर काही पोर्टल न सांगता कापून टाकतात. चिकटवल्यावर शेवटचं वाक्य पूर्ण आहे का, ते बघाच. दुसरं, जुन्या अ-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पोर्टलवर चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटतात. मूळ मसुदा युनिकोडमध्येच असू द्या.

थेट पोर्टलवर लिहू नका. काही वेळ हालचाल झाली नाही की लॉगिन तुटतं आणि मजकूर जातो. सगळे प्रश्न आधी फाइलमध्ये उतरवून घ्या, उत्तरं तिथे लिहा आणि मगच चिकटवा. जुन्या अर्जातून उतारे घेत असाल तर आधीच्या फाउंडेशनचं नाव शोधून काढा. दुसऱ्याचं नाव राहिलेला अर्ज नव्या फाउंडेशनकडे गेला की पुढे काही वाचलं जात नाही.

जोडपत्रांचं एकच फोल्डर कायम तयार ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, विश्वस्तांची यादी, बँक खात्याचा पुरावा, बालसंरक्षण धोरण, अर्जाला मंजुरी देणारा विश्वस्तांचा ठराव. नोंदणीतलं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकात 'मंडळ' आणि दुसऱ्यात 'संस्था' असेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात, आणि ही दुरुस्ती व्हायला महिने लागतात. एखाद्या वर्षी हिशोबात तूट असेल तर ती लपत नाही. चार ओळींचं स्पष्टीकरण स्वतःहून जोडा.

शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी अर्ज पाठवा. शेवटच्या रात्री पोर्टल हळू चालतं आणि मदतीच्या नंबरवर कुणी नसतं. त्याआधी, अर्ज लिहिण्यात नसलेल्या एका माणसाला तो वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर विचारा: हे लोक काय करणार आहेत आणि त्याला किती खर्च येणार आहे? त्याला न अडखळता सांगता आलं नाही तर सारांश पुन्हा लिहा.

अर्ज गेल्यानंतर

बहुतेक फाउंडेशनांचे विश्वस्त वर्षातून मोजक्याच वेळा बैठकीला बसतात. त्यामुळे निर्णयाला तीन ते सहा महिने धरा, आणि पैसे ज्या महिन्यात हवेत त्यापासून मागे मोजत जा. एकाच अर्जाच्या भरवशावर कुणाला नोकरीवर घेऊ नका.

प्रत्यक्ष भेटीला लोक आले तर हार-तुरे आणि मुलांची गाणी यांत वेळ घालवू नका. नोंदवह्या दाखवा. कार्यकर्त्यांना बोलू द्या, कारण बजेटमधला ९६ हा आकडा कुठून आला हे त्यांनाही सांगता येतं का, हे पाहिलं जातं.

नकार आला तर आठवड्याभरात आभाराचं एक छोटं पत्र पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: विषय बसला नाही, रक्कम बसली नाही की अर्जात उणीव होती? पहिलं कारण असेल तर ते नाव यादीतून काढा. दुसरं किंवा तिसरं असेल तर पुढच्या फेरीची तारीख लगेच नोंदवून ठेवा.

होकार आला तर करारावर सही करण्याआधी तो विश्वस्तांनी आणि हिशोबनिसाने दोघांनी वाचायला हवा. बजेटमधल्या खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात किती रक्कम परवानगीशिवाय हलवता येते, ते त्यात असतं. दहा टक्के ही मर्यादा बरेचदा दिसते. उरलेली रक्कम परत करायची की पुढे वापरायची, बिलं किती वर्षं ठेवायची, घेतलेली उपकरणं कुणाच्या मालकीची, हेही तिथेच कळतं. पहिल्या दिवसापासून या अनुदानाला हिशोबात वेगळा कोड द्या आणि प्रत्येक बिलावर तो लिहा. वर्षअखेरीस बिलं वेगळी करत बसलं की चुका होतातच.

आणि काम ठरल्याप्रमाणे चालत नसेल, म्हणजे परीक्षांमुळे आठ शाळांची तपासणी पुढे गेली किंवा समन्वयक सोडून गेला, तर अहवालाची वाट पाहू नका. त्याच महिन्यात कार्यक्रम अधिकाऱ्याला ईमेल करा: काय झालं, कोणत्या आकड्यावर परिणाम होईल, नवी तारीख कोणती, आणि बजेटच्या कोणत्या ओळीत किती रक्कम हलवावी लागेल. परवानगी लेखी घ्या आणि ती ईमेल अनुदानाच्या फाइलमध्ये, करारामागे लावून ठेवा. ऑडिटर ती मागतोच.